केसभर जागा

वेंगुर्ल्याहून आणलेल्या जुन्या जीपखाली पहिल्यांदा आडवा झालो, तेव्हा चेसिसच्या मागच्या कोपऱ्यात बोल्टाच्या जागी मला जांभ्याचा खडा दिसला. लालसर, खडबडीत, पापुद्रे सुटलेला. पोलादी ब्रशने दहा मिनिटं घासल्यावर आतून बोल्टाचं डोकं निघालं. सहा कोनांपैकी चार शिल्लक होते, उरलेले दोन पावसाळ्यांनी खाल्ले होते. जीपची बॉडी चेसिसवर धरून ठेवणारा तो बोल्ट होता आणि त्याचे भाऊबंद गाडीखाली ठिकठिकाणी याच अवस्थेत बसले होते. ते सगळे काढून नवे बसवायला मला तीन आठवडे लागले. प्रत्यक्ष कामाचे तास मोजले तर ते तीन दिवसांचेसुद्धा भरणार नाहीत. बाकीचा वेळ वाट बघण्यात गेला. ती वाट कशासाठी पाहायची असते, हे समजलं की गंजलेल्या बोल्टाशी कसं वागायचं हे जवळजवळ सगळं समजतं.

जांभ्याची उपमा सहज सुचली, पण रसायनशास्त्राच्या हिशेबात ती अगदी खरी आहे. जांभा लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे. पावसाने खडकातले विरघळणारे घटक धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि त्यातल्या लोहाने हवेतला ऑक्सिजन आणि पाणी धरून ठेवलं. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश निरीक्षकाने केरळातल्या अंगडिपुरम इथे असा दगड पाहिला आणि 1807 मध्ये लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. आपण त्याचे चिरे काढून घरं बांधतो, तेव्हा त्याचं काम खरोखरच विटेचं असतं. जांभ्यात गोएथाइट नावाचं खनिज असतं. जर्मन कवी गटे याला खनिजांचा मोठा नाद होता, म्हणून 1806 मध्ये त्याच्या सन्मानार्थ हे नाव ठेवण्यात आलं. माझ्या बोल्टावर जो थर चढला होता, त्यातही हेच गोएथाइट असतं. कारखान्याने दगडातून महत्प्रयासाने सोडवलेलं लोखंड कोकणातल्या रस्त्यावर पुन्हा दगड होऊ लागलं होतं.

हे बोल्ट नेमकं करतात काय? आजच्या बहुतेक मोटारींना ते नसतातच. त्यांची बॉडी आणि सांगाडा एकच असतो. जीपची रचना वेगळी. खाली शिडीच्या आकाराची चेसिस: दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, ॲक्सल, पाटे या शिडीला जखडलेले. बॉडी म्हणजे पत्र्याचा मोठा डबा, तो या शिडीवर वेगळा ठेवायचा आणि ठरावीक जागी बोल्टांनी धरायचा. 1941 च्या विलीज एमबीमध्ये हे असंच होतं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्याकडेही असंच आहे. 2020 च्या थारचा चेहरामोहरा पूर्ण बदलला, पण बॉडी आणि चेसिस वेगळी ठेवण्याची पद्धत तिनेही सोडलेली नाही.

त्याला कारण आहे. ओढ्यात उतरताना जीपचं पुढचं डावं चाक दगडावर चढतं, मागचं उजवंही वर उचललं जातं, आणि शिडी पिळवटते. ती पिळवटावी अशीच बनवलेली असते. पत्र्याच्या डब्याला मात्र तो पीळ झेपत नाही, त्याचे कोपरे फाटतात. म्हणून दोघांच्या मध्ये रबराच्या जाड चकत्या घालतात. चेसिसच्या ब्रॅकेटवर एक रबर, ब्रॅकेटखाली दुसरं, दोन्हींच्या आतून एक पोलादी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट, असं एक सँडविच अनेक गाड्यांवर आढळतं. साध्या जुन्या गाड्यांवर नुसती चपटी पट्टी असते. नळीची लांबी ठरवते की रबर किती दाबलं जावं. बोल्ट कितीही आवळला तरी वायसर नळीवर टेकतो आणि रबराला हलायला थोडी मुभा राहते. म्हणजे या बोल्टाचं काम दुहेरी आहे. बॉडी सुटू द्यायची नाही आणि तिला जखडूनही टाकायचं नाही. देशावर वडाप म्हणून जीपगाड्या चालायच्या, मागे फळीवर दाटीवाटीने माणसं, टपावर सामान. त्यांच्या बॉडीची कुरकुर ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी दबून गेलेल्या रबरांचा आणि सैल झालेल्या बोल्टांचा आवाज ऐकलेला आहे.

आता ही जागा गंजाच्या नजरेतून पाहा. चाकाने उडवलेला चिखल नेमका ब्रॅकेटच्या खोबणीत बसतो. तो वाळतो वरून, आत ओलाच राहतो. नळी आणि बोल्ट यांच्यामधल्या फटीत पाणी शिरतं, पण निथळत नाही. त्यात समुद्र जवळ. खाऱ्या वाऱ्यातून आलेलं साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही ओले होतात. कोकणात जून ते सप्टेंबर हवा 75 टक्क्यांखाली फारशी उतरत नाही. त्यामुळे पाऊस थांबला, गाडी पडवीत उभी राहिली, अंगणसुद्धा सुकलं, तरी बोल्टाभोवतीचा तो पातळ खारा थर ओलाच असतो.

गंज फटीतच का जास्त धरतो, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात फार साध्या प्रयोगाने दाखवलं. पोलादाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि बघत बसायचं. सामान्य समजुतीने थेंबाच्या कडेला हवा जास्त मिळते, म्हणून धातू तिथे झिजायला हवा. प्रत्यक्षात झिजतो तो मधोमध, जिथे ऑक्सिजन सगळ्यांत कमी पोचतो. कडेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेत बसतो आणि ते इलेक्ट्रॉन पुरवायला मधलं लोखंड विरघळत राहतं. एकाच थेंबात एक छोटी बॅटरी तयार होते. गंजाची लाल कडी उमटते ती या दोन जागांच्या मध्ये. हाच न्याय बोल्टाला लावला की गाडीखालचं एक कोडं सुटतं. बाहेर दिसणारं डोकं बरं वाटतं आणि बोल्ट ओढून काढल्यावर मधला भाग पेन्सिलीसारखा निमुळता झालेला निघतो. नळीच्या आत, जिथे हवा पोचत नाही, तिथे तो झिजत असतो.

याला पुढे एक गणित आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. नट बोल्टावर हाताने फिरतो, कारण दोघांच्या आट्यांमध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. साधारण 10 मिलिमीटरच्या बोल्टाला ही फट कमीत कमी 0.03 मिलिमीटर असते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा घेतो, प्रकारानुसार दोन ते सहा पट. तिप्पट धरू. 0.02 मिलिमीटर जाडीचं लोखंड गंजलं तर त्याचा 0.06 मिलिमीटर थर होतो, म्हणजे वरची 0.04 मिलिमीटर जागा कुठून तरी यायला हवी. ठेवलेली होती 0.03. फट भरून गंज दोन्ही बाजूंना रेटू लागतो. पान्याने झटतो तेव्हा आपण या पाचरीशी झटत असतो. सिमेंटच्या खांबातली सळई गंजली की काँक्रीट फुटून बाहेर पडतं, तोच हा रेटा. इथे फुटायला जागा नाही, म्हणून नट आणि बोल्ट एकजीव होतात.

तेव्हा गंजलेला बोल्ट काढणं म्हणजे ती हरवलेली केसभर जागा परत मिळवणं. तेल, उष्णता, हातोडी, पान्याचा मागेपुढे झोका हे सगळे त्याचेच मार्ग आहेत. मला हे समजलं ते एक बोल्ट तोडल्यावर.

पहिल्या दिवशी मी पान्यात मीटरभर पाइप घालून जोर लावला. बोल्ट आधी किंचित वळला, मला वाटलं सुटला. मग तो चिकट, रबरासारखा वळू लागला आणि खाडकन डोकं हातात आलं. तो चिकटपणा म्हणजे बोल्ट सुटण्याची नव्हे, पिळवटून तुटण्याची खूण असते. मीटरभर पाइपच्या टोकाला 20 किलोचा भार दिला की बोल्टावर जवळजवळ 200 न्यूटन मीटर पीळ पडतो. त्या मापाचा नवा, चांगल्या प्रतीचा बोल्ट आवळायलाच 45 ते 50 पुरे होतात. शिवाय दांड्याची पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटते. साडेनऊ मिलिमीटरचा बोल्ट झिजून साडेसातचा झाला असेल, तर दिसायला फरक दोनच मिलिमीटरचा, पण ताकद निम्मी झालेली असते. शेजारच्या गॅरेजातले मेस्त्री तुटलेलं डोकं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "जोर नको. तेका आधी तेल पिऊक देवा."

तर आधी तेल. पण तेलाच्याही आधी सफाई, कारण गंजाच्या पापुद्र्यांवर ओतलेलं तेल पापुद्रेच पितात. चिखल पाण्याने धुवायचा, वाळू द्यायचा, पोलादी ब्रशने आटे उघडे करायचे. चष्मा हवाच, गाडीखाली झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर सगळं पडतं. मग पातळ तेल. ते केशाकर्षणाने फटीत शिरतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, पण वाट तितकी चिंचोळी, त्यामुळे वेग फार कमी. म्हणून मिनिटांचा हिशेब इथे चालत नाही. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं आणि असं आठवडाभर. बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले द्यायचे, त्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला नवी वाट मिळते. आपल्याकडे यासाठी पिढ्यान् पिढ्या डिझेल किंवा रॉकेल वापरत आले आहेत. ते अगदीच वाईट नाही, पण खास या कामासाठी बनवलेली भेदक तेलं जास्त चांगली शिरतात. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-40 सगळ्यांना माहीत असतो. तो 1953 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झाला. नावातली डब्ल्यूडी ही अक्षरं पाणी हटवण्यासाठी आहेत आणि 40 हा चाळिसाव्या प्रयत्नाचा आकडा. ॲटलास क्षेपणास्त्राच्या पातळ पोलादी कवचाला गंजापासून जपण्यासाठी तो वापरला गेला. त्याचा मूळ धर्म पाणी दूर ठेवण्याचा आहे, जाम बोल्ट सोडवणं हे त्याचं दुय्यम काम. कुठलंही तेल असो, ठेवायच्या रबरावर ते सांडू देऊ नये. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं.

तेल मुरत असताना पाने जुळवून घ्यावेत. जुन्या जीपवर या मुद्द्याला जास्त वेळ द्यायला हवा, कारण कोन झिजवलेले निम्मे बोल्ट चुकीच्या पान्याचे बळी असतात. जीपची मूळ आखणी अमेरिकन, सगळी मापं इंचात. पुढे त्याच गाड्यांमध्ये फ्रेंच घराण्याची प्यूजो डिझेल इंजिनं आली, ती मिलिमीटरमध्ये. मधल्या दहा मेस्त्र्यांनी हाताशी असतील ते बोल्ट लावले. त्यामुळे एकाच गाडीवर दोन्ही पद्धती सुखाने नांदत असतात. पाव-अष्टमांशाच्या हिशेबात तीन अष्टमांश इंची बोल्टाचं डोकं नऊ सोळांश इंच, म्हणजे 14.29 मिलिमीटर. त्यावर 14 चा पाना चढत नाही आणि 15 चा चढतो पण घसरतो. घसरला की कोन गोल. अर्ध्या इंचाचं डोकं 12.7 मिलिमीटरचं, तिथे 13 चा पाना जवळजवळ बसतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. सहा कोनांचा गोटी पाना वापरावा, बारा कोनांचा नव्हे. सहाचा पाना डोक्याच्या सपाट बाजूंवर दाबतो, बाराचा कोनांजवळ, आणि आपल्याकडे शिल्लक राहिलेले नाहीत ते कोनच.

आट्यांचा हा गोंधळ जुना आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये ब्रिटनसाठी 55 अंशांचा आटा ठरवला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एका दुकानचा नट दुसऱ्या दुकानच्या बोल्टावर बसत नसे. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये 60 अंश सुचवले. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या देशांच्या यंत्रांना एकमेकांचे बोल्ट चालेनात, तेव्हा ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 1948 मध्ये एक सामाईक आटा मान्य केला. गोंधळ तरीही पुरता संपला नाही, म्हणून नवा बोल्ट विकत घेण्याआधी जुना सोबत न्यावा आणि आटे मोजण्याची पात्यांची गेज लावून पाहावी. तीन अष्टमांश इंची बारीक आट्याच्या बोल्टाला इंचाला 24 आटे असतात, जाड आट्याला 16. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात, नटाला नाही.

आठवड्यानंतर पहिली ओढ. इथे एक गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो: आधी किंचित आवळायचं. आवळण्याच्या दिशेने इवलासा हलला तरी गंजाचा बांध फुटतो. मग पाव चक्कर उलट, पुन्हा थोडं सुलट, पुन्हा तेल. चुरा झालेला गंज आट्यांतून बाहेर पडायला हवा. एकाच दिशेने रेटत राहिलं तर तोच चुरा पुढच्या आट्यात साचून नट पुन्हा धरतो. मेस्त्री हे करताना पाना धरलेला हात सैल ठेवत आणि कान बोल्टाकडे. सुटणारा बोल्ट करकरतो. आवाज न करता वळू लागला तर थांबायचं.

तेल आणि झोका दोन्ही हरले, तर आग. लोहाराने बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. लोखंडी कडं लाल तापवलं की ते वाढतं, लाकडी चाकावर सहज बसतं, पाणी ओतलं की आकसून चाकाला घट्ट आवळतं. नट तापवल्यावर त्याचं भोक आत आत बुजेल असं अनेकांना वाटतं. धाव हे त्याचं उत्तर आहे: कडं तापलं की भोकही मोठं होतं. पोलाद अंशामागे दहा लाखांत सुमारे 12 भाग वाढतं. साडेनऊ मिलिमीटरच्या नटाला बोल्टापेक्षा 300 अंश जास्त तापवलं, तर त्याचं भोक साधारण 0.034 मिलिमीटरने मोठं होईल. कारखान्याने ठेवलेली आणि गंजाने गिळलेली फट जवळजवळ तेवढीच होती. तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, हीसुद्धा गॅरेजातली जुनी आणि उपयोगी रीत आहे.

पण जीपखाली आग नेणं हे सोपं काम नाही आणि मी ते एकट्याने कधीच केलं नाही. मूळ विलीजची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच होती. तुमच्या गाडीची टाकी, इंधनाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, वायरी कुठून जातात ते आधी हाताने चाचपून पाहायचं. रबर पेटतं आणि विझवल्यावरही धुमसतं. वरच्या बाजूला गालिचा, सीटचा फोम असतो, तिथे एका माणसाने पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन उभं राहायचं. जस्ताचा मुलामा असलेला भाग तापवला तर त्याच्या धुराने ताप भरतो. सर्वांत घातक गोष्ट: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत नेऊ नये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. टाकी काढणं शक्य नसेल तर आगीचा विचार सोडून ग्राइंडरने डोकं कापणं बरं, आणि त्याच्याही ठिणग्या टाकीकडे उडणार नाहीत अशी आड धरून. या कामात बोल्ट वाचवण्यापेक्षा बॉडीची आणि स्वतःची कातडी वाचवणं महत्त्वाचं. तसाही तापवलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. चांगल्या बोल्टाला कारखान्यात तापवून, विझवून, पाणी देऊन ताकद आणलेली असते, ती लाल तापवल्यावर निघून जाते.

तुटलेल्या दांड्याचं काय? बाहेर थोडा तुकडा उरला असेल तर त्यावर एक नवा नट ठेवून आतून वेल्डिंगने जोडायचा आणि त्या नटाला पाना लावायचा. वेल्डिंगची उष्णता आणि नवी पकड, दोन्ही एकदम मिळतात. त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडवायच्या. तुकडा आत दबून तुटला असेल तर मधोमध सुंभा मारून बारीक ड्रिलपासून सुरुवात. उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर विकत मिळतो, पण तो ठिसूळ कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला भेदत नाही आणि दुखणं दुप्पट होतं. मी तो एकदाच वापरला आणि मेस्त्र्यांच्या हातून.

काही गाड्यांवर याहून अवघड प्रकार भेटतो. नट बॉडीच्या पत्र्याच्या आत एका छोट्या पिंजऱ्यात बसवलेला असतो. तो पिंजरा गंजून सुटला की बोल्टाबरोबर नटही फिरतो आणि हात पोचत नाही. मग वरून गालिचा उचलून, नेमकी जागा मोजून, पत्र्यात झरोका कापावा लागतो. काम झाल्यावर झरोक्यावर पत्र्याचा तुकडा बसवून रंग आणि सीलर लावायचा. उघडा ठेवला तर पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरणार.

बोल्ट सगळे एकदम सोडवू नयेत. एका बाजूचे काढायचे, दुसऱ्या बाजूचे नुसते सैल ठेवायचे, म्हणजे बॉडी सरकत नाही आणि भोकं समोरासमोर राहतात. जॅकच्या डोक्यावर रुंद लाकडी फळी ठेवून बॉडी जेमतेम रबर निघेल एवढीच उचलायची, आणि उचलताना दर बोटभर अंतराला थांबून स्टिअरिंगचा दांडा, गिअरचं बूट, रेडिएटर आणि पंखा, वायरींचे ताण बघायचे. चेसिस मात्र पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, दोन मिनिटांसाठीही नाही.

आता नवे बोल्ट. दुकानात लखलखणारे स्टेनलेसचे बोल्ट पाहून मोह होतो. तिथे 1760 च्या दशकातली एक इंग्रजी युद्धनौका आठवावी. अलार्म या लाकडी जहाजाच्या तळाला 1761 मध्ये तांब्याचा पत्रा ठोकला, लाकूड खाणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून. दोन वर्षांनी पाहिलं तर जिथे तांबं आणि लोखंडी खिळे थेट भिडले होते, तिथे खिळे विरघळून गेले होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू टेकले की कमी प्रतिष्ठेचा धातू दुसऱ्यासाठी झिजतो, आणि झिजणारा भाग छोटा व दुसरा मोठा असेल तर नाश फार वेगाने होतो. जीपवर प्रमाण उलटं आहे, स्टेनलेसचा बोल्ट छोटा आणि भोवतीचं साधं पोलाद मोठं, म्हणून अनर्थ होत नाही. पण झिजायचं ते भोकाच्या कडेच्या चेसिसनेच. बोल्ट शंभर रुपयांत मिळतो, चेसिस मिळत नाही. जस्ताचा मुलामा याच नियमाचा चांगला उपयोग करतो: जस्त स्वतः झिजतं आणि पोलाद राखतं. लँड रोव्हरवाल्यांना हा धडा वेगळ्या वाटेने मिळाला. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशन होतं, म्हणून 1948 च्या त्या गाडीची बरीचशी बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. पत्रा लाल गंजाने खराब झाला नाही, पण जिथे पोलाद त्याला भिडतं तिथे पांढरी भुकटी सांडू लागली.

स्टेनलेसची दुसरी खोड म्हणजे आवळताना त्याचे आटे एकमेकांना चिकटतात, गंजाशिवायच जाम होतात. ताकदही बघावी. बोल्टाच्या डोक्यावर 8.8 लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 800 मेगापास्कलला तो तुटेल आणि त्याच्या 0.8 पटीला, म्हणजे 640 ला, कायमचा ताणला जाईल. नेहमीच्या ए2-70 स्टेनलेसचे हे आकडे 700 आणि 450. मी जस्ताच्या मुलाम्याचे 8.8 घेतले, जुन्या बोल्टाइतक्याच लांबीचे.

बसवण्याआधी भोकाच्या कडा आणि ब्रॅकेट घासून प्रायमर आणि रंग दिला, नळ्या आतून-बाहेरून रंगवल्या. बोल्टाच्या सगळ्या दांड्याला ग्रॅफाइटचं ग्रीस चोपडलं. पुढचा गंज आट्यांपेक्षा नळीतच आधी धरतो, त्यामुळे तिथे कंजुषी नको. पण ग्रीस लावलं की आवळण्याचा हिशेब बदलतो. कोरड्या बोल्टावर आपण देतो त्या पिळाचा जेमतेम दहावा-सातवा भाग प्रत्यक्ष दाबून धरण्यात जातो, बाकी सगळा घर्षणात. घर्षण कमी केलं की तेवढ्याच पिळात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. गाडीच्या पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ग्रीस लावलेल्या, हे बघूनच टॉर्क पाना लावावा. सगळे बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवून घ्यायचे, मग बॉडी खाली टेकवायची, आणि मधून कडेकडे जात दोन फेऱ्यांत आवळायचे. रबरं सगळी नवी घातली. पॉलियुरेथेनची कडक रबरं टिकतात जास्त, पण इंजिनाची थरथर सीटपर्यंत आणतात. वाडीवस्तीच्या रस्त्याला मला साधं रबर बरं वाटलं.

शेवटी गाडी चारही चाकांवर उतरवून खाली वाकून पाहिलं. प्रत्येक सँडविच सारखं दाबलेलं, वायसर नळीवर टेकलेले, आट्यांवर मेणाचा थर. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा, कारण नवं रबर बसतं आणि बोल्टाचा ताण थोडा उतरतो. मी रेडीपर्यंत जाऊन-येऊन, खाणीच्या लाल रस्त्यांवरून गाडी मुद्दाम पिळून आणली, खालचा चिखल गोड्या पाण्याने धुतला आणि दुसऱ्या दिवशी पाना लावला. सगळे जागेवर होते, फक्त मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या बोल्टाने पाव चक्कर घेतली.